गर्भिणीची छर्दी : आहार आधी, औषध नंतर

चरकसंहितेच्या शारीरस्थानात छर्दी, अरुची व मुखस्राव ही गर्भधारणेची लक्षणे म्हणून सांगितली आहेत. गर्भ व अपरेकडून येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी छर्दीचा असलेला संबंध २०२३ साली संशोधकांनी दाखविला. म्हणजे हा मनाचा खेळ नव्हे, आणि सौम्य असेल तर व्याधीही नव्हे. म्हणून प्रथम आहारविहार पाहावा, असे आम्हांस वाटते.

सोलापूरकरांच्या परिचयाची ज्वारीची कडक भाकरी येथे उपयोगी पडते. सकाळी अंथरुणातच तिचा कोरडा तुकडा चावून खावा व काही वेळाने सावकाश उठावे. पुढे दर २-३ तासांनी साळीच्या लाह्या, मुगाचे कढण, डाळिंबाचे दाणे असे थोडे थोडे घ्यावे. तिखट शेंगाचटणी व फोडणीचा वास टाळावा. पाणी जेवणासोबत न पिता मधूनमधून घोटघोट प्यावे. आपल्याकडील उन्हाळ्यात हे विशेष सांभाळावे.

मात्र पाणीही न टिकणे, लघवी कमी व गडद होणे, भोवळ, उलटीत रक्त किंवा वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास औषधविक्रेत्यांनी पुडी बांधून देऊ नये; गर्भिणीस त्वरित रुग्णालयात पाठवावे. तेथे विलंबास जागा नाही.