चित्रपट शिकविणारें पुस्तक कसें निवडावें?

गेल्या महिन्यांत पुण्याहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची मुलगी यंदां आठवींत आहे. सुटींत तिला एक लहानसा चित्रपट करावयाचा आहे. खर्चाला हातीं फारसें कांहीं नाहीं. घरांतला मोबाईल तेवढा आहे. तिला एखादें चांगलें पुस्तक आणून द्यावें असें बापाच्या मनांत आलें, आणि त्यानें मला विचारलें, "गुरुजी, कोणतें पुस्तक घेऊं?" प्रश्न साधा आहे, पण तो ऐकून मी क्षणभर गप्प राहिलों. कारण हाच प्रश्न ह्याच मनुष्यानें मला वीस वर्षांपूर्वीं विचारला होता, आणि त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर चुकलें होतें.

तेव्हां तो चिखलीच्या कॉलेजांत शिकत असे. घरीं नव्वदीला टेकलेली आजी होती. दळण गिरणीवर जाऊं लागल्याला कित्येक वर्षें लोटलीं होतीं, तरी जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. आजीला पुन्हां एकदां जात्यापाशीं बसवावें आणि तिच्या ओव्या कॅमेऱ्यांत धरून ठेवाव्या, असें नातवाच्या मनानें घेतलें. लग्नांचें चित्रण करणारा एक ओळखीचा गृहस्थ चार दिवस आपला कॅमेरा द्यावयास तयार होता. राहतां राहिलें पुस्तक. मीं आपल्या विद्वत्तेच्या ऐटींत एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मागवून त्याच्या हातीं दिला. त्यांत कॅमेऱ्यांचे प्रकार होते, टेपांचे प्रकार होते, दिव्यांचे प्रकार होते, आणि प्रत्येक कामाला एक निराळा मनुष्य नेमलेला होता. मुलगा शब्दकोश उघडून तो वाचीत बसला. ट्रायपॉड पाहिजे, अमुक मायक्रोफोन पाहिजे, निदान तीन दिवे पाहिजेत, अशी यादी वाढत चालली. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावणांत आजी वारली. एकही ओवी धरली गेली नाहीं. ग्रंथ वाईट नव्हता. ज्या हातांत मीं तो दिला त्या हातांसाठीं तो नव्हता, एवढेंच. तो दोष माझा.

तेव्हांपासून अशा पुस्तकांकडे मी एकाच दृष्टीनें पाहूं लागलों आहें. जें पुस्तक वाचणाऱ्याला जागेवरून उठवितें आणि आहे त्या साधनानें आजच्या आज कांहीं करावयास लावतें, तें त्याच्यासाठीं योग्य. जें त्याला बसवून ठेवतें, तें कितीही थोर असो, त्याच्या हातीं अजून देऊं नये.

मुळांत पुस्तक वाचून चित्रपट करतां येतो काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिला उत्तर आपल्याच घरचें आहे. १९११ सालीं गिरगांवांतील एका तंबूवजा चित्रगृहांत ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहून दादासाहेब फाळके ह्यांच्या मनानें उचल खाल्ली. त्यांनीं परदेशांतून सूचिपत्रें मागविलीं, पुस्तकें जमविलीं. त्यांत सेसिल हेपवर्थ ह्या इंग्रज निर्मात्याचें चलच्चित्रांचा ओनामा शिकविणारें पुस्तक होतें. हें पुस्तक १८९७ सालचें. म्हणजे फाळक्यांच्या हातीं आलें तेव्हां तें चौदा वर्षांचें जुनें होतें. जेव्हां तें लिहिलें गेलें तेव्हां चित्रपट एखाद्या मिनिटाचा असे. फाळके ज्याचें स्वप्न पाहत होते तो कथापट त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हता.

तरी त्या पुस्तकानें काम दिलें, याचीं कारणें तीन. पहिलें असें कीं, जमीन आधींच नांगरलेली होती. फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आणि बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले. छायाचित्रणाचा व छपाईचा धंदा केलेले. दुसरें असें कीं, पुस्तकांत जें शिळें झालें होतें तें त्यांनीं बाजारांतून ताजें करून घेतलें. १९१२ च्या फेब्रुवारींत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, खुद्द हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलच्या आरंभीं परत आले. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. परत आल्यावर त्यांनीं एकदम कथापटाला हात घातला नाहीं. एका कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभर त्याच्या वाढीचीं चित्रें घेतलीं. पडद्यावर बीं फुटून पाहतां पाहतां वेल वर चढला, तेव्हां पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. मग सरस्वतीबाईंच्या हातभारानें घरांतच फिल्म तयार करण्याची व धुण्याची कामें चाललीं, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. अल्प खर्चाच्या चित्रपटाला पहिला धडा म्हणून वाटाण्याच्या कुंडीहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. बाजारांत ह्या विषयाचीं पुस्तकें तीन जातींचीं असतात, आणि त्यांची गल्लत केली कीं पैसे फुकट जातात. पहिली जात कोशाची. ॲशर आणि पिंकस ह्यांचें 'दि फिल्ममेकर्स हँडबुक' हें १९८४ सालीं निघालेलें व पुढें वरचेवर सुधारलेलें पुस्तक ह्या जातीचें. अडलें कीं उघडावें, पहिल्या पानापासून वाचीत बसूं नये. दुसरी जात रोजनिशीची. रॉबर्ट रॉड्रिगेझ ह्यानें 'एल मारियाची' हा आपला १९९२ सालचा चित्रपट सुमारें सात हजार डॉलरांत पुरा केला आणि त्याची हकीकत १९९५ त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. अशा पुस्तकानें हुरूप येतो. तिसरी जात चिंतनाची. वॉल्टर मर्च ह्या संकलकाचें 'इन दि ब्लिंक ऑफ ॲन आय' किंवा सत्यजित राय ह्यांचें १९७६ सालचें 'अवर फिल्म्स, देअर फिल्म्स' हीं पुस्तकें ह्या जातींत येतात. हातून दोनचार लहान चित्रपट झाल्यावर तीं वाचावीं, म्हणजे आपलें कोठें चुकलें तें कळूं लागतें. नवशिक्याला लागणारें पुस्तक ह्या तिघांहून निराळें: पातळ, क्रमवार, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं करून पाहण्याजोगा एक पाठ देणारें.

पुस्तक हातीं घेतल्यावर प्रथम अनुक्रमणिका पाहावी. निम्मीं पानें कॅमेऱ्यांच्या नांवांत व संगणकाच्या प्रणालींत गेलीं असतील तर तें खालीं ठेवावें. साधनें फार लवकर म्हातारीं होतात. १९९५ च्या सुमारास डीव्ही टेप निघाली. तासाभराची टेप संगणकांत उतरवावयास तासच लागे, आणि त्या काळचीं पुस्तकें ह्या उतरविण्याच्या खटाटोपानें भरलेलीं आहेत. २००८ सालीं कॅननच्या एका छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यानें चलच्चित्र उत्तम घेतां येऊं लागलें, आणि तीं पुस्तकें मागें पडलीं. २०१५ सालीं 'टँजरीन' हा आयफोनवर घेतलेला अमेरिकन चित्रपट सन्डन्स महोत्सवांत दाखविला गेला, तेव्हां त्यानंतरचींहि मागें पडलीं. आज डाविंची रिझॉल्व्ह ह्या संकलनाच्या प्रणालीची एक आवृत्ति फुकट मिळते. उलट, उजेड कोणत्या बाजूनें घ्यावा, मनुष्य डावीकडे पाहत असतां पुढच्या चित्रांत काय दाखवावें, गोष्ट कोठें तोडावी, हीं प्रकरणें चाळीस वर्षांपूर्वींचीं असलीं तरी आज तशींच्या तशीं लागू पडतात. म्हणून जुनें पुस्तक निषिद्ध मानूं नये. त्यांतला साधनांचा भाग तेवढा गाळून वाचावा.

दुसऱ्याने, ध्वनीचें प्रकरण पाहावें. नवशिक्याचें चित्र थोडें हललें तर प्रेक्षक चालवून घेतो. बोलणें ऐकूं आलें नाहीं तर उठून जातो. ज्या पुस्तकांत ध्वनि दोन पानांत उरकला आहे तें घेऊं नये. चांगलें पुस्तक सांगेल कीं, कॅमेऱ्याला जडलेल्या माइकवर विसंबूं नका, माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्या. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. एक मीटरवरची ओवी दोन मीटरवरून ऐकावी तर पंख्याचीच घरघर अधिक. पंखा बंद करा, कानाला हेडफोन लावा, आणि निघण्यापूर्वीं कोणीं न बोलतां त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून घ्या, म्हणजे संकलनांत तुकडे सांधतांना ती उपयोगीं पडते. दुसरा एक मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशांत ठेवूनहि हें काम भागतें.

तिसऱ्याने, पुस्तक कोणत्या देशाच्या उजेडांत लिहिलें आहे तें ओळखावें. लंडनला ऐन जूनमध्यें सुद्धां दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ६२ अंशांपलीकडे चढत नाहीं. आमच्या बुलढाण्याला मे महिन्याच्या उत्तरार्धांत तो अगदीं माथ्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर पडते. तेव्हां "उन्हांत चित्रण करा" हा तिकडचा उपदेश इकडे सकाळीं नवापर्यंत आणि संध्याकाळीं चारानंतर असा वाचावा. लोणारला गेलात तर हें एका दिवसांत कळेल. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर; काठावर लख्ख ऊन आलें तरी तळाच्या झाडींत सावली असते. गांवांतील दैत्यसूदन मंदिरांत तर गाभाऱ्याचा अंधार आणि दाराबाहेरचें ऊन हीं दोन्हीं एका चित्रांत मावत नाहींत. एकाला धरावें तर दुसरें जातें. अशा वेळीं पांढरें धोतर किंवा थर्मोकोलचा पत्रा धरून ऊन चेहऱ्यावर परतवितां येतें. हा बिनपैशाचा उपाय जें पुस्तक सांगतें तें आपलें.

ह्याच न्यायानें परदेशी पुस्तकांतलीं कायद्याचीं व हिशेबाचीं प्रकरणें वाचावीं. आपल्याकडे चित्रगृहांत चित्रपट दाखवावयाचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणें प्रमाणपत्र लागतें, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत चित्रपटाचें चित्रण करण्यापूर्वीं परवानगी घ्यावी लागते. खर्चाचे आंकडेहि जपून घ्यावे. 'एल मारियाची' सात हजारांत तयार झाला हें खरें. पण तो विकत घेणाऱ्या कंपनीनें चित्रगृहांत लावण्यापूर्वीं त्यावर त्याच्या कितीतरी पट खर्च केला. स्वस्तांत चित्रपट होतो, ह्याचा अर्थ स्वस्तांत तो जगापुढें जातो असा नव्हे. जें पुस्तक हा भेद लपवितें तें मुलांना फसवितें.

साधनें नाहींत म्हणून अडून बसणाऱ्यांनीं दोन उदाहरणें ध्यानांत ठेवावीं. मालेगांवच्या शेख नासिर ह्यांनीं आपल्या मित्रमंडळीला घेऊन अगदीं तुटपुंज्या पैशांत गांवचे चित्रपट केले. सायकल आणि बैलगाडी ह्यांना त्यांनीं कॅमेरा फिरविण्याच्या कामाला लावलें. फैझा अहमद खान ह्यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगांव' ह्या २००८ सालच्या माहितीपटांत ती सारी धडपड पाहावयास मिळते. आणि आपल्या विदर्भांतच चंद्रपूर जिल्ह्यांत जयंत सोमलकर ह्यांनीं खेड्यांतल्या लोकांकडूनच कामें करवून घेऊन 'स्थळ' हा चित्रपट केला. २०२३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. ह्या उदाहरणांत वाटाण्याच्या कुंडीचाच धडा आहे: जें जवळ आहे त्यावर कॅमेरा रोखावा.

भाषेविषयीं एक शब्द. वाचणाऱ्याला दर ओळीला कोश उघडावा लागत असेल तर तें पुस्तक इंग्रजींतलें सर्वोत्तम असलें तरी त्याच्या उपयोगाचें नाहीं. शक्य तर दुकानांत किंवा वाचनालयांत एक प्रकरण तेथेंच मुलाकडून वाचून घ्यावें आणि विचारावें, "यांतलें आज संध्याकाळीं काय करून पाहशील?" उत्तर लगेच आलें तर पुस्तक घ्यावें. मूल घुटमळलें तर परत ठेवावें. ही कसोटी मीं वीस वर्षांपूर्वीं लावली असती, तर त्या ग्रंथाचे पैसे वांचले असते. आणि त्याहून पुष्कळ कांहीं वांचलें असतें.

पुण्याच्या त्या विद्यार्थ्याला मीं हेंच सारें थोडक्यांत सांगितलें. मग विचारलें, "तुझ्या आईला सासूच्या ओव्या येतात काय?" तो म्हणाला, "सात-आठ येत असतील, गुरुजी. पण ती म्हणते, माझा आवाज आतां बसला." मीं म्हटलें, "बसलेला असूं दे. उद्यां सकाळीं पंखा बंद कर, आईला खिडकीपाशीं बसीव, आणि मोबाईल हातभर अंतरावर ठेवून मुलीला बटण दाबूं दे. चांगलेंसें पुस्तक शोधून मी आठ दिवसांत पाठवितों. पण त्याची वाट पाहूं नका."