खाण बंद, रान सुरू

कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्या भटक्या मराठी माणसाने हिवाळ्यातली एक सकाळ गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवावी. सुमारे 390 एकरांच्या या डोंगराळ जागेत पूर्वी दगडखाणी आणि क्रशर होते. फोडलेले कडे अजून दिसतात, पायवाटा त्यांच्या कडेकडेने जातात. एका खाणीच्या खड्ड्याचं तर चक्क खुलं नाट्यगृह केलंय.

2010 मध्ये ‘आय अ‍ॅम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने इथलं काम सुरू केलं, तेव्हा टेकड्या बोडक्या होत्या असं नाही. वेडी बाभूळ माजली होती. लांबून बघणाऱ्याला तेही हिरवंच! पण ती परदेशातून आणलेली, आणि तिच्याखाली दुसरं फारसं काही तग धरत नाही.

मग लावायचं काय? पुनर्वनीकरणाची धुरा सांभाळणारे विजय धस्माना यांच्यासमोर नमुना होता जवळच्याच मांगर बनीचा. ही अरवलीतली देवराई. तिथले संत मानले जाणाऱ्या गुदडिया दास बाबांच्या धाकाने तिथे फांदी तोडायला कुणी धजावत नाही, म्हणून धौचं जुनं रान शाबूत राहिलं. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. अशी झाडं नेहमीच्या रोपवाटिकांत मिळेनात. तेव्हा थेट राजस्थानपर्यंत फिरून अरवलीतल्या बिया गोळा केल्या आणि उद्यानातच रोपवाटिका उभारली. माझ्या मते या प्रकल्पाचा खरा पराक्रम हाच. खड्डे खणून झाडं लावण्याचे सोहळे काय, दर पावसाळ्यात होतातच.

सातपुड्यात हिंडलेल्यांना इथे जुने ओळखीचे भेटतात: पळस, सालई आणि तिकडे ‘कुलू’ म्हणतात तो कांडोळ. पानं झडली की कांडोळाचं पांढरट, गुळगुळीत खोड नजरेत भरतं. साल कागदासारखी सुटते, चिरलं की डिंक पाझरतो.

2022 मध्ये या जागेला देशातलं पहिलं ‘ओईसीएम’ क्षेत्र म्हणून मान मिळाला. म्हणजे अभयारण्य नसूनही जैवविविधता जपणारी जागा. मान मिळाला तरी कायद्याचं कवच मिळालं असं नाही. उद्यानातून महामार्ग नेण्याच्या प्रस्तावाला नागरिकांना विरोध करावा लागला आहे.

आपल्याकडेही बंद दगडखाणी कमी नाहीत. तिथे कुणी गुलमोहराची रोपं घेऊन आलंच, तर ‘इथे आधी कोणतं रान होतं?’ एवढं जरूर विचारा.