पाणवठ्यावरचे देव

चिकपेटेत मराठी माणूस दोन कामांनी येतो. एक, लग्नाचा बस्ता बांधायला. दुसरे, शहाजीराजांचा गौरीमहाल कुठे होता ते विचारायला. पहिले काम हमखास होते. दुसऱ्याला दुकानदार हसून पाणी पाजतात. महाल याच भागात होता असे सांगतात, पण दाखवायला चौथऱ्याचा दगडही नाही. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजींना जहागिरीत मिळाले. त्यांच्या इथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, आणि तो ग्रंथ इतिहासकार राजवाड्यांनी संपादून छापला म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पेठेत मात्र भोसल्यांच्या पन्नास वर्षांचे काही दिसत नाही. ते पाहायचे तर खोऱ्यात उतरावे लागते.

बंगळूरला खोरे आहे हे इथे जन्मलेल्यांनाही पटकन पटत नाही. सुमारे 900 मीटर उंचीचे हे पठार तीन बाजूंनी उतरते. पश्चिमेला वृषभावतीचे खोरे, दक्षिण-पूर्वेला कोरमंगल-चल्लघट्टाचे, उत्तरेला हेब्बाळचे. वृषभावतीचे पाणी अर्कावतीतून कावेरीला जाते, बाकी दोन्हींचे दक्षिण पेन्नार नदीला. जुनी पेठ या पाणलोटाच्या माथ्याला लागून वसली. पहिल्या केंपेगौडांनी 1537 मध्ये दोड्डपेट आणि चिकपेट जिथे एकमेकींना छेदतात तिथून चार दिशांना चार नांगर सोडले, अशी कथा आहे. नांगर जिथे थांबले तिथे वेशी झाल्या. कथा खरी-खोटी असो, ज्याने जागा निवडली त्याला उतार कळत होता. माथ्यावर नदी नसते, म्हणून तळी बांधावी लागली. आणि तळे आले की बांधावर देव आलाच.

पश्चिमेला धर्मांबुधी तळे होते. त्याच्या काठची अण्णम्मा ही बंगळूरची ग्रामदेवता. पूर्वेला संपंगी तळे. दक्षिणेला, वृषभावतीच्या उतारावर, केंपांबुधी आणि त्याच्याजवळ गवीपुरातली गवी गंगाधरेश्वराची गुहा. संक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीची तिरीप नंदीच्या शिंगांमधून आत येते आणि पिंडीवर पडते. त्या दिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. या गुहेतून थेट शिवगंगेच्या डोंगरावर भुयार निघते असे जुने लोक आजही छातीठोकपणे सांगतात. शिवगंगा इथून साठेक किलोमीटरवर! भुयाराचे सोडा, पण शिवगंगेलाही संक्रांतीलाच गंगाधरेश्वराचे लग्न लागते आणि तिथे डोंगरावरच्या तीर्थासाठी लोक चढतात. पेठेतला गृहस्थ शिवगंगेला जाऊ शकला नाही तर गवीपुरात जाई. भुयाराच्या कथेमागे मला ही सोय दिसते.

याच गवीपुरात गोसाई मठ आहे, कर्नाटकातल्या मराठा समाजाचे गुरुपीठ. जवळच्या टेकडीवर बसवनगुडीचा अखंड पाषाणातला भला थोरला नंदी, आणि त्याच्या पायाशी वृषभावती उगम पावते अशी श्रद्धा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे भुईमुगाची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. शेतातले शेंगांचे पीक रोज रात्री एक बैल फस्त करी, शेतकऱ्यांनी त्याला देऊळ बांधले आणि पहिले पीक वाहू लागले, ही तिची गोष्ट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. पेठेतल्या घरांत त्या दिवशी दुसरा नैवेद्य नसे म्हटले तरी चालेल.

वृषभावतीची दुसरी धार उत्तरेला, मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या टेकडीपाशी. ‘काडु’ म्हणजे रान; तेव्हा ते रानच होते. भोसल्यांची खूण इथे आहे. 1669 च्या शिलालेखात शहाजीपुत्र एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला इनाम दिल्याची नोंद आहे. पाच वर्षांपूर्वी शहाजीराजे होदिगेरेला घोड्यावरून पडून वारले होते, बंगळूर एकोजींकडे आले होते. पुढे एकोजी तंजावरला गेले, 1687 मध्ये मोगलांच्या कासीमखानाने बंगळूर घेतले आणि थोड्याच काळात म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना तीन लाखांना विकून टाकले. राजधानीचा सौदा झाला, महाल मातीत गेला, इनामाचा दगड मात्र उभा राहिला. देवाला दिलेले कुणी हिसकावत नाही, निदान सहसा नाही, हे एकोजींना ठाऊक असणार. मल्लिकार्जुन हा तर घरचाच देव. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला मानणाऱ्या घराण्याला टेकडीवरचा महादेव परका वाटला नसावा.

या देवळासमोरच्या जमिनीखाली आणखी एक देऊळ होते. ते 1997 मध्ये खणून मोकळे केले. पायऱ्या उतरून गेले की खालच्या पिंडीवर वरच्या दगडी नंदीच्या तोंडातून पाण्याची बोटभर धार सतत पडत असते, आणि तिथून ते पाणी कुंडात उतरते. दक्षिणमुख नंदी तीर्थ म्हणतात त्याला. नदीचा उगम पाहायचा असेल तर बंगळूरमध्ये इतका स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही.

हे सगळे बदलले ते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही एकाच दशकातल्या. 1896 मध्ये हेसरघट्ट्याचे पाणी नळाने पेठेत आले, 1898 मध्ये प्लेग आला. नळाने तळ्यांची गरज संपवली. प्लेगने पेठेतल्या माणसांना बाहेर काढले, आणि ती ज्या नव्या उपनगरांत वसली ती नेमकी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी. जिथे वर्षातून एकदा बैलगाडीने, डबा बांधून जायचे, तिथे लोक राहायलाच गेले. यात्रेचे ठिकाण घरचा पत्ता झाले. रानातला महादेव भाजीबाजाराच्या शेजारी आला. ज्यांना जाणे परवडले नाही ते पेठेतच राहिले, आणि प्लेगम्मा नावाची नवी देवी त्यांनी मांडली.

तळ्यांचे पुढे काय झाले ते बंगळूरला येणारा प्रत्येक जण नकळत पाहतो. धर्मांबुधी आटवून मैदान झाले, आता तिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे. तिथून निघून पेठेतून बेलंदूर तळ्याकडे जाणारा जुना ओढा ‘के-100’ अशा क्रमांकाने ओळखला जातो. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम झाले. पण तळे गेले म्हणून चालीरीत थांबली नाही, आणि याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे करगा.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेटेच्या धर्मरायस्वामी देवळातून करगा निघतो. तिगळ समाजाचा पुजारी द्रौपदीच्या वेशात, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, डोक्यावर मोगऱ्याने मढवलेला उंच करगा म्हणजे कुंभ, आणि त्याला हात लावायचा नाही. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत धावत असतात. वाटेवर कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यात करगा जातो, तिथे थांबतो, मग पुढे निघतो. तिगळ मूळचे माळी. भाज्या आणि फुले पिकवणारे, म्हणून त्यांचे जगणे तळ्याच्या पाण्यावर. करग्याच्या आधीचे विधी संपंगीच्या काठीच व्हायचे. आता स्टेडियमच्या कोपऱ्यात एक छोटे कुंड राखून ठेवले आहे, तिथे होतात. मानवशास्त्रज्ञ स्मृती श्रीनिवास यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात करग्याची ही वाट शहराच्या आठवणीचा नकाशा म्हणून वाचली. मला त्यात याहून साधी गोष्ट दिसते: माळ्याला विहीर कुठे होती ते विसरता येत नाही.

पेठेतले मराठी भावसार, शिंपी, मराठा तीन-चार पिढ्या कन्नड-मराठीची खिचडी बोलत आषाढीला आपला विठोबा करतात आणि करग्याच्या रात्री दारात सडा घालून जागेही राहतात.

पाण्याचा हिशेब मात्र उलटा झाला. 1974 पासून शहर कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणते. नंदीच्या पायापासून निघून जे कावेरीला जायचे, तेच आता कावेरीहून नळाने देवघरातल्या तांब्यात येते, आणि सांडपाणी होऊन वृषभावतीत उतरते. म्हैसूर रस्त्यावर वृषभावतीच्या काठी गाळी आंजनेयाचे देऊळ आहे, व्यासरायांनी स्थापलेले मानतात. तिथे नदीत कुणी पाय धूत नाही. नाक दाबून पूल ओलांडतात. मुसळधार पाऊस झाला की काळे पाणी देवळात शिरते, पुजारी ते उपसून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाची रांग पुन्हा लागते.