सपाट टोकांचं भिंग

परभणीच्या झेरॉक्सच्या दुकानांत सातबारा, पीकविम्याचे कागद, शाळेचे दाखले दिवसभर स्कॅन होत असतात. तिथल्या पातळ स्कॅनरच्या काचेखाली एक पट्टी सरकते. तिच्यात शेकडो काचकांड्या दाटीने उभ्या असतात. एकेकीची जाडी साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. दोन्ही टोकं सपाट, तरीही प्रत्येक कांडी भिंगाचं काम करते.

ते कसं, हे मे महिन्यात परभणीचा कुठलाही डांबरी रस्ता दाखवतो. पारा चाळिशीपार गेला की रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. किरण दाट थराकडे झुकतो. त्यामुळे आभाळातून तिरपा उतरणारा प्रकाश जमिनीला न टेकताच वर वळून डोळ्यांत शिरतो आणि रस्त्यावर पाणी चमकल्यासारखं वाटतं. या मृगजळात गोलाई कुठेच नसते. थराथराने बदलणारी हवाच प्रकाशाला वळवते.

काचेत हा बदल मुद्दाम घडवतात. थॅलियम असलेली काचकांडी वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात ठेवली, की कडेचं थॅलियम बाहेर पडतं आणि त्याची जागा पोटॅशियम घेतं. त्यामुळे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल हे ठरवणारा आकडा, मध्यभागी सर्वाधिक राहतो, कडेकडे उतरत जातो. आत शिरलेला किरण मध्याकडे वळतो, मध्य ओलांडतो, पुन्हा मध्याकडे येतो; असा नागमोडी चालतो. कांडी कुठे कापायची, यावर प्रतिमा कशी पडेल हे ठरतं. जपानच्या निप्पॉन शीट ग्लास आणि एनईसी या कंपन्यांनी १९६८ मध्ये अशी काच ‘सेल्फॉक’ या नावाने आणली.

स्कॅनरमधल्या कांड्यांची लांबी अशी असते, की अक्षरं सुलटी आणि मूळ आकारातच उमटतात. म्हणूनच शेजारशेजारच्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसून ओळ अखंड होते. लांब प्रकाशमार्ग आणि आरसे लागत नाहीत, त्यामुळे यंत्र पातळ होतं. एक मर्यादा मात्र आहे: घडीजवळ कागद काचेपासून जरा उचलला, की तिथली अक्षरं पुसट होतात.

अशीच बारीक भिंगं दुर्बिणीतून शरीराच्या आत पाहायला डॉक्टरांना उपयोगी पडतात. आपल्या डोळ्यातलं भिंगही याच जातीचं आहे: मध्याचा अपवर्तनांक सुमारे १.४०, कडेचा त्याहून कमी.

दहावीच्या पुस्तकात अपवर्तन आणि भिंगं असे दोन वेगळे धडे आहेत. परभणीच्या मुलांना ते जोडून शिकवायला हवेत. त्यासाठी लागणारा रस्ता, स्कॅनर आणि डोळा त्यांच्याजवळ आहेतच.