सोलापूरच्या 'सेटलमेंट'चं कुंपण कुणी घातलं, आत पोरांचं काय झालं? मिशन, पारधी समाज आणि पुढच्या पिढीची गोष्ट

धाराशिव : तुळजापूर, नळदुर्ग भागातली माणसं कामाला, दवाखान्याला सोलापूरला जातात तेव्हा 'सेटलमेंट' हे नाव कानावर पडतंच. सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणजे सोलापुरातली एक वस्ती, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा इंग्रजी शब्द वस्तीला चिकटला कसा, आणि त्यातलं 'फ्री' म्हणजे काय, हे नव्या पोरांना सहसा कुणी सांगत नाही.

फ्री म्हणजे फुकट नव्हे. फ्री म्हणजे तारेच्या बाहेर. आत तारेचं कुंपण होतं, आणि बरीच वर्षं 'चांगलं वागून' दाखवलेल्या कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या वसाहतीत राहायला मिळायचं. तीच फ्री कॉलनी.

जन्मानंच गुन्हेगार

इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ साली तो सगळीकडं लागू करता येईल असा केला गेला आणि १९२४ साली पुन्हा नव्यानं आला. या कायद्यानं अख्खी जमातच गुन्हेगार ठरवता यायची. चोरी केली की नाही, हा प्रश्नच नव्हता. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा समाजातल्या माणसांची नावं रजिस्टरला, बोटांचे ठसे सरकारकडं, रोजची हजेरी आणि गाव सोडायचं तर पास.

त्यातलं एक कलम सगळ्यात जहाल होतं. सहा वर्षांच्या वरच्या आणि अठराच्या आतल्या पोरांना आईबापापासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. आईबाप बिघडलेलेच, पोरं तरी सुधारू, असा त्यामागचा हिशोब.

धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. पाल घेऊन फिरणाऱ्या माणसाला ही हद्द कुठली दिसणार?

मिशन आत कसं आलं?

सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांना मजूर हवे होते. सेटलमेंटमधली माणसं गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत कुंपणात यायची. ही सेटलमेंट चालवायचं काम सरकारनं पुढं अमेरिकन मराठी मिशनकडं सोपवलं. हे मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला होतं. शाळा काढायच्या, मुलींना शिकवायचं, यात या लोकांचा हात धरणारे फार थोडे होते. ते मान्य केलंच पाहिजे.

सेटलमेंटमध्येही त्यांनी शाळा आणि दवापाणी बघितलं. ज्या समाजाला गावानं वेशीच्या आत घेतलं नव्हतं, त्याच्या पोरांच्या हातात पाटी आली. पण शाळेभोवती तार होती, आणि तारेच्या दारावरची हजेरी घेणाराही मिशनच्याच व्यवस्थेतला माणूस. प्रार्थना शिकवणारा आणि पास देणारा एकच असेल, तर पोरानं देव कसा समजून घ्यायचा? येशूची शिकवण तर गुन्हेगार म्हणून हिणवलेल्या माणसाच्या पंगतीला बसायची. म्हणूनच ही गोष्ट नुसत्या 'मिशननं उपकार केले' किंवा 'मिशननं छळलं' अशा एका वाक्यात बसत नाही.

कॅनडात काय झालं

साता समुद्रापार कॅनडातही सरकारनं तिथल्या मूळनिवासी लोकांची पोरं उचलून निवासी शाळांत घातली. त्यातल्या बहुतेक शाळा चर्चच्या संस्था चालवायच्या. शंभर वर्षांहून जास्त काळात सुमारे दीड लाख पोरं या शाळांतून गेली. आपली भाषा बोलली की मार बसायचा. हजारो पोरं घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

मग २००८ साली सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. त्या शाळांत राहिलेल्या हजारो म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं आयोगानं ऐकून घेतलं आणि २०१५ साली ९४ शिफारशी दिल्या. पंतप्रधानांनी २००८ मध्येच संसदेत माफी मागितली होती. अँग्लिकन चर्चनं १९९३ साली, तर पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडाला जाऊन माफी मागितली. ३० सप्टेंबर हा दिवस आता तिथं त्या पोरांच्या आठवणीचा दिवस म्हणून पाळतात.

तिथल्या आणि इथल्या गोष्टीत फरकही आहे. आपल्याकडं तार सरकारच्या कायद्याची होती आणि तिच्यात पोरांबरोबर आख्खी कुटुंबं होती. पण पोराला माणूस करायचं म्हणजे आधी त्याच्या आईबापाला खोटं ठरवायचं, हा विचार दोन्हीकडं सारखाच.

तार तुटली, शिक्का राहिला

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण विमुक्त समाजात आजही सांगतात. मात्र १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जातीवर नव्हता, माणसावर होता. तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर, ही सवय काही मोडली नाही.

कायदा गेल्यानंतर जन्मलेल्या पिढीचं जिणं कसं होतं, ते लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त आहे. या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचं धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असलं, तरी लातूर वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातली.

आपल्या जिल्ह्यातली शाळा

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या पोरांची निवासी शाळा १९९० च्या दशकात उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांपैकी गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथला विचार मिशनचा नाही, संघाच्या विचाराच्या कार्यकर्त्यांचा आहे. पण प्रश्न तोच येतो, आणि तो प्रत्येक आश्रमशाळेला विचारायला हवा. पारधी पोराच्या घरची बोली गुजरातीच्या जवळची. शाळेत आल्यावर ती बोली त्याला लाजायची गोष्ट वाटते की अभिमानाची? सुट्टीत पालावर गेलेलं पोर आजीशी कुठल्या भाषेत बोलतं? निकालाच्या टक्क्यांत हे दिसत नाही, तरी पालकांनी शाळेत जाऊन विचारायला काय हरकत आहे?

धर्म आणि दाखला

वस्त्यांवर एक प्रश्न नेहमी निघतो : ख्रिस्ती झालं तर दाखला जातो का? पारधी, फासेपारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, तिथं हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धर्म चालतात. म्हणून एकाचं ऐकून दुसऱ्यानं घाबरू नये, आधी आपली जमात कुठल्या यादीत आहे ते बघावं. राजपारधी, गावपारधी विमुक्त जातीत येतात. पुरावा कुठल्या तारखेआधीचा लागतो, तेही यादीवर ठरतं : अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१.

जन्माचा दाखला नाही म्हणून पहिलीत घेत नाहीत, ही तक्रारही जुनीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

पोराला पोलिसांनी उचललं तर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटून देणाऱ्या नियमांना त्यानं घटनाबाह्य ठरवलं. विमुक्त जमातीच्या माणसाला मनमानीनं अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं.

अठराच्या आतल्या पोराला कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो. त्यासाठी फोन १५१००, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८.