बंदर कुठं गेलं?

मुंबईचं बंदर कुठं आहे, असं आजच्या विशीतल्या मुंबईकराला विचारलं तर तो बहुधा गेटवेकडे बोट दाखवील. ससून गोदी १८७५ची, प्रिन्सेस १८८०ची, व्हिक्टोरिया १८८८ची. ही सनावळी पुस्तकात राहिली. घरोघरी जे टिकलं ते वेगळंच.

१४ एप्रिल १९४४ घ्या. व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’वर कापसाच्या गाठी, चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा सगळा माल एकाच जहाजात होता. (ही मांडणी ज्यांना सुचली त्यांना काय म्हणावं!) चारनंतर दोन स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. छप्पर फोडून घरात आलेल्या सोन्याच्या विटेची गोष्ट जुन्या मुंबईकरांना तोंडपाठ. मृतांचा आकडा मात्र कुणी आठशे सांगतो, कुणी तेराशे. विटांचा हिशेब माणसांपेक्षा चोख राहिला.

कोकणी घरांत बंदर म्हणजे भाऊचा धक्का आणि तिथून सुटणाऱ्या आगबोटीची बंदरं: दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. चाकरमानी ही नावं ओवीसारखी म्हणत. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, बोट लागली की लिंबू हुंगायचं. आगबोट बहुतेक बंदरांत किनाऱ्याला लागतच नसे. भर समुद्रात होडीत उतरायचं, नऊवारीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. पावसाळ्यात वाहतूक बंद, म्हणजे गावाला मयत झालं तरी घाटातून जायचं. १७ जुलै १९४७ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि देशाच्या आठवणीत त्या बोटीला जागा उरली नाही; रायगडातल्या गावांत मात्र उरली. ऐंशीच्या दशकात कोकणच्या बोटी हळूहळू थांबल्या.

बंदराचा खरा कायापालट मात्र कुणाच्याच गोष्टीत येत नाही, कारण तो आवाज न करता झाला. कंटेनर आला. हुक खांद्याला अडकवून जहाजाच्या पोटात उतरणाऱ्या टोळ्यांचं काम क्रेन उचलू लागली. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि माल खाडीपल्याड गेला. गिरणी संपावर नाटकं झाली, सिनेमे झाले. गोदी कामगार निमूटपणे निवृत्त झाला. एकट्या पी. डिमेलोंचं नाव रस्त्याला आहे, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ते गोदी कामगारांचे पुढारी होते हे माहीत असतं?

खाडीपल्याड हीच हकीकत उलटी ऐकू येते. तिथलं बंदर गेलेलं नाही, अंगावर आलेलं आहे. जानेवारी १९८४मध्ये नवी मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाचजण गेले. ते हुतात्मे जासईच्या बाजूला आजही दर जानेवारीत आठवले जातात. शेवा कोळीवाड्यातल्या कोळ्यांना बंदरासाठी उठवून उरणजवळ वसवलं, तिथली घरं वाळवीनं पोखरली. त्यांची मागणी साधी आहे: राहण्याजोगी जागा द्या, नाहीतर आमचं गाव परत द्या.