गाय विकली, आता क्लेम कुणाचा?

ऑफिस सांभाळून विमा एजंटची आयसी-३८ देताय? ५० प्रश्न, तासभर वेळ. पाठांतर सोडा, बारामतीच्या एखाद्या गोठ्यात चला! गायीचा विमा काढला, कानात बिल्ला मारला. पुढे ती इंदापूरला विकली आणि तिथे दगावली. जुन्या मालकाला क्लेम? छे, त्याच्या खिशाला झळच कुठे बसली? यालाच म्हणतात विमाहित. ते विक्रीबरोबर संपलं. नव्या मालकाचे मात्र खरे हाल : गाय गेली, अन् पॉलिसी नावावर करायची राहिलेली!

आयुर्विम्यात फंडा वेगळा. बायकोने नवऱ्याच्या आयुष्यावर पॉलिसी घेतली, नंतर घटस्फोट झाला, तरी पॉलिसी टिकते. इथे विमाहित फक्त पॉलिसी घेताना लागतं. (बरेच जण इथेच गडबडतात.)